कर्मणी प्रयोग

सोमवारी ऑल्ड्रॉइडबाईंनी फळ्यावर लिहिलं: उपमा.
म्हणजे त्यांनी त्यांच्या भाषेतला शब्द लिहिला,
माझ्या नाकात मात्र मोहरी तडतडली
ड्यूसबरीच्या त्या वर्गात, जिथे
अठ्ठावीस ओले कोट एकाच भिंतीला लटकतात
आणि खिडकी चार बोटांपलीकडे उघडत नाही.

मी बाई नव्हे. मदतनीस.
डेक्लनच्या शेजारची बुटकी खुर्ची माझी.
‘देवस्थळी’ कुणाच्याच तोंडात बसत नाही,
म्हणून मिस डी.

पाऊस कशासारखा?
सुयांसारखा, म्हणाली हुमैरा.
तळणाच्या आवाजासारखा, मागून कुणीतरी.
डेक्लन म्हणाला, पावसासारखा.
वर्ग खिदळला.
आमच्याकडे याला नाव आहे, अनन्वय,
परीक्षेत दोन गुणांना यायचा.
पण तिथे ते कुणाला सांगणार?

मंगळवारी ‘राग’ हा शब्द न वापरता राग.
हुमैराची मावशी कांदा चिरते,
भराभर, गरजेपेक्षा बारीक,
आणि शेवटी सगळा कांदा कचऱ्यात.
बाईंनी ते दोनदा वाचून दाखवलं.
डेक्लनने समासाची रेघ तेवढी आखली. सरळ आली.

बुधवारी आगीची घंटा. आग नव्हती.
पटांगणात भुरभुरीत उभं राहून डोकी मोजली,
एक जास्त भरत होतं, पुन्हा मोजली.
काही शिकवलं गेलं नाही.

गुरुवारी फळ्यावर: खिडकी फोडली गेली.
बाई म्हणाल्या, कर्ता पळालाय. पकडून आणा.

चिपळूणला, सहावी ब मध्ये,
आंबा सदूकडून खाल्ला जायचा.
आमचा कर्ता कधी पळत नसे,
फार तर दोन पावलं मागे सरून
‘कडून’ला धरून उभा राहायचा,
तोंडाला रस लागलेला.

डेक्लनने पेन उचललं.
सप्टेंबरपासून पहिल्यांदा अर्धं पान, न थांबता:
दार ओढून घेतलं गेलं.
गाडी सुरू केली गेली.
चहा निवू दिला गेला.
कुत्र्याला खायला घातलं गेलं.

बाईंचं हिरवं पेन समासात आलं.
प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द,
चार वेळा, सुवाच्य: कोणाकडून?

त्याने बाही ओढून बोटं झाकली.
माझ्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलंय,
उत्तर देऊ नये, प्रश्न विचारावा.
मी दोन्ही केलं नाही.
त्याची पट्टी टेबलाच्या कडेवरून पडायला आली होती,
ती जरा आत सरकवली.

संध्याकाळी बसमध्ये काच धुरकटलेली.
मी इथे आणली गेले,
असं बावीस वर्षं सांगत आलेय,
भिशीतल्या बायकांना, दंतवैद्याला, बहिणीला फोनवर.
टाउन हॉलच्या थांब्यावर कुणीतरी उतरलं,
आणि हिरव्या शाईत विचारलं गेलं, कोणाकडून?
विमानतळावर बॅग तर मीच ओढत होते.
एक चाक मोडलेलं, तरी.
मागे वळून बघितलंही नव्हतं, आता आठवलं,
बघितलं असं नंतर जोडून दिलं.

शुक्रवारी वाचन. डेक्लन उभा राहिला, हे एक.
दार, गाडी, चहा:
तीन ओळी जशाच्या तशा, मान खाली.
चौथीला अडखळला.
खोडरबरानं तिथला कागद पातळ झाला होता.
‘कुत्र्याला’, तो म्हणाला,
मग बराच वेळ हीटरची टिकटिक,
‘माझ्याकडून.’

बाईंनी पेनाला टोपण लावलं.
मागच्या बाकावर कुणी हसलं नाही,
किंवा हसलं असेल, मला ऐकू आलं नाही.
घंटा झाली. भिंत रिकामी झाली,
ढकलाढकलीत एक कोट खाली पडून राहिला,
खिशात बसचा पास, अर्धी चॉकलेटची वडी, नाव नाही.
उचलला मी.